उत्तरेची भिंत

११ तोबे

बिशप आज सकाळी होडीने दक्षिणेला गेले. बरोबर पोथ्या, चांदीचा पेला, वस्त्रांच्या दोन पेट्या आणि त्यांची दुभती बकरी. घाटावर मला म्हणाले, "मिखाएलकुडा, देवळात रोज किती वाळू येते ते लिहून ठेव. परत आलो की वाचीन." चामड्याचे तुकडे आणि शाईचं बोळकं माझ्या हातात ठेवलं. परत येणारा माणूस बकरी नेत नाही एवढं मलाही कळतं. तरी मान डोलावली. बिशपांसमोर मान आपोआप डोलते.

तर लिहितो. गावात आता अकरा चुली पेटतात. माझ्या लग्नात साठ पेटत होत्या. नदी पूर्वीसारखी चढत नाही, रहाटाच्या मडक्यांना पाणी लागत नाही. आमचं देऊळ मिखाएल देवदूताचं. उत्तरेच्या भिंतीला बाहेरून खिडक्यांपर्यंत वाळू लागली आहे. ती खिडक्यांतून आत सांडते. आत त्या भिंतीलगत कमरेइतकी, मग उतरत उतरत मधल्या खांबांपर्यंत. हे झालं बिशपांसाठी.

आता माझ्यासाठी. उत्तरेच्या भिंतीवर साध्वी दमियाना उभी आहे. या देवळात मी उपासनेला मदत करतो आणि भिंती रंगवतो. दमियाना नऊ वर्षांपूर्वी रंगवली. तिचा चेहरा माझ्या मरीकोचा आहे. मरीको आमची एकुलती एक मुलगी. चौदाव्या वर्षी तापाने गेली. ती तापात मला हाका मारत होती तेव्हा मी तीन गावं पलीकडे एका देवदूताची पिसं रंगवत होतो आणि "एवढा पंख संपवून येतो" असा निरोप धाडला होता. पंख चांगला झाला. मी पोचलो तेव्हा तिला पुरून दोन दिवस झाले होते. कबरस्तान देवळाच्या उत्तरेला, भिंतीला लागूनच. तिची कबर आता दोन पुरुष खोल वाळूखाली आहे, कुठे ते सांगता येत नाही.

संताला माणसाचा चेहरा देणं पाप. बिशपांना कळतं तर त्यांनी तो खरवडायला लावला असता. म्हणून कोणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. कपोपीला काय सांगणार, की जिला भेटायला आलो नाही तिला भिंतीवर आणून ठेवली आहे? या जगात मरीकोचं तेवढंच उरलं आहे. दमियानाचे पाय वाळूत गेले आहेत आणि झग्याचा काठही गेला आहे.

१२ तोबे

कमरेइतकी. वारा उत्तरेचा.

१३ तोबे

तेवढीच. वारा तोच. हे वाचताना बिशपांना झोप लागेल.

१९ तोबे

सुभेदाराचा कारभारी अदामा आला. हा माणूस बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून मागे बघतो, मागे कोणी जास्त महत्त्वाचं उभं असल्यासारखा. सुभेदार गोआसींना आमच्या देवळात स्वतःचं चित्र हवं आहे. डोक्यावर शिंगांचा मुकुट, पाठीशी मिखाएल, मिखाएलचा हात त्यांच्या खांद्यावर. मोठ्या शहरातल्या देवळाचं छप्पर पडलं म्हणे, म्हणून आमची आठवण झाली.

मी म्हणालो, "भिंती वाळूत आहेत. सुभेदारांना कमरेपासून वरच काढू का?"

"वीस माणसं देतो, दहा दिवस. उपसून घे. पुढच्या महिन्यात, मेशीरच्या विसाव्याला सुभेदार स्वतः येतील, चेहऱ्यासाठी."

आमच्यात चेहरा शेवटी काढतात. कपडे, हात, पाय आधी. मग तो माणूस भिंतीसमोर येऊन उभा राहतो आणि त्याच्याकडे बघून चेहरा. माणूस समोर नसताना काढला तर तो माणूस वर्ष काढत नाही असं म्हणतात. मरीकोच्या वेळी मी हा नियम मोडला. तिचं आणखी काय बिघडणार होतं.

अदामाने भिंतीवरून बोट फिरवलं आणि नेमकं दमियानावर थांबवलं. "ही जागा. उजेड बरा आहे. या बाईवर गिलावा घाल."

मी म्हणालो, "तिथे ओल आहे. दोन वर्षांत पोपडे सुटतील. सुभेदारांचं नाक गळून पडलं तर मला विचारू नका."

"वाळवंटात ओल," अदामा म्हणाला. "तुझ्या देवळाची तऱ्हाच न्यारी."

पण नाकाला तो घाबरला. दमियानाच्या शेजारची, वेदीकडची जागा ठरली. मी गेल्या कित्येक वर्षांत इतकं चांगलं खोटं बोललो नव्हतो. वाळू निघणार. तिचे पाय पुन्हा दिसणार.

२३ तोबे

माणसं आली, टोपल्या आल्या, काम सुरू झालं. दाराबाहेर दक्षिणेला ढीग टाकतात. दुपारी मेना आबा काठी टेकत आला. हा गावचा गवंडी, सत्तरी ओलांडलेला. ही भिंत त्याच्या आजोबांनी बांधलेली, त्यामुळे तो तिच्याबद्दल घरच्या म्हशीबद्दल बोलावं तसं बोलतो.

"काय चाललंय, कुडा?"

"दिसत नाही का, आबा? वाळू काढतोय."

"आतली काढतोयस. बाहेरची?"

"बाहेर कबरी आहेत."

"मग आतलीही राहू दे. बाहेरून वाळू रेटतेय, आतून वाळूच धरून आहे. तू टेकू काढतोयस, बाबा."

"तुझ्या आजोबांनी ही भिंत वाळूच्या टेकूवर उभी राहायला बांधली होती का?"

"नाही. पण बाहेर दोन पुरुष वाळू उभी राहील म्हणूनही नव्हती बांधली. काढायची तर दोन्हीकडची काढ. नाहीतर हात लावू नकोस."

कबरीवर पडलेली माती मेलेल्याची. मूठभरही उचलायची नाही, वाऱ्याने आणली असली तरी नाही. त्या वीस जणांतल्या एकानेही तिथे फावडं घातलं नसतं. आणि मी घालू दिलं नसतं. मरीकोच्या अंगावरून पायपीट करत टोपल्या भरायच्या का? आबाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग दोन्ही मिळायचं नाही तुला," आणि सावलीत जाऊन बसला. हातून काम होईनासं झालं की माणसं सल्ले देऊ लागतात.

२ मेशीर

फरशी दिसली. चार वर्षांनी. मी अनवाणी चालून पाहिलं, गार लागली. दमियानाची पावलं, झग्याचा काठ, काठावरची मी काढलेली लाल फुलं, सगळं जसंच्या तसं. उलट वाळूने रंग जपले आहेत. मी इतका खूश होतो की अदामालासुद्धा खजूर दिले.

कपोपी झाडू घेऊन आली. सगळं देऊळ सोडून दमियानापाशी बसली आणि ओल्या फडक्याने पावलं टिपली. म्हणाली, "बोटं बारीक काढलीत."

"साध्वी होती. उपास करत असेल."

ती हसली नाही. मग एका मजुराने फावडं भिंतीला टेकवलं, दमियानाच्या झग्यावर, तर ही त्याच्या अंगावर धावली. "तुझ्या आईच्या पोटाला टेकवशील का रे असं?" तो बिचारा फावडं छातीशी धरून उभा राहिला. पूर्वी ही बाई देवळात मोठ्या सणालाच यायची. म्हातारपणी भक्ती वाढते ती अशी.

३ मेशीर

वाळू नाही. वारा उत्तरेचा. बिशपांसाठी हे मोठ्या अक्षरांत लिहीत आहे.

६ मेशीर

मरीकोचा दिवस. कपोपी दरवर्षी कबरस्तानात खजूर आणि भाकरी ठेवते. यंदा दमियानाच्या पायाशी ठेवून आली. कबर सापडत नाही म्हणून देवळात ठेवले असतील. मी काही विचारलं नाही. आज मला तिच्याशी बोलवत नाही, नऊ वर्षं याच दिवशी बोलवत नाही. तीही बोलत नाही. भाकरी मात्र माझ्या आवडीची, पातळ करते.

९ मेशीर

सुभेदार मानेपर्यंत तयार आहेत. काव, पिवळी माती, चुना, काजळी. निळा रंग नाहीच, तो बिशपांच्या बकरीबरोबर गेला. शिंगं झकास जमली. खाली चेहऱ्याच्या जागी पांढरा गोल. मिखाएलचा हात खांद्यावर आहे, पण खांद्याच्या वर कोणी नाही, त्यामुळे मिखाएल कोणाला तरी शोधत असल्यासारखा दिसतो.

मिखाएलच्या पंखाखाली केसाएवढी चीर दिसली. गिलावा सुकताना अशा पडतात. चुन्याने बुजवली.

१४ मेशीर

चीर पुन्हा उघडली आणि दमियानाच्या बाजूला सरकली आहे. आबाला बोलावलं. बोलवायचं नव्हतं, पण बोलावलं. त्याने ओळंबा सोडला आणि मला दाखवला. दोरी वर भिंतीला टेकते, मधे भिंत तिला पोटाने ढकलते, आणि खाली ती भिंतीपासून सुटून लोंबते. भिंत आत यायला लागली आहे.

"जुनंच असेल," मी म्हणालो.

आबाने चिमूटभर ओली माती घेतली, चिरेवर आडवी थापली, अंगठ्याने दाबली. "उद्या बघ. जुनं असेल तर माती तशीच राहील."

मग मी नको ते बोललो. म्हणालो, तुझी नजर गेली, तुझ्या दोरीला गाठ आहे, तुझ्या बापाने बांधलेली पश्चिमेची कमानसुद्धा वाकडीच आहे. आबाने दोरी गुंडाळून घेतली. "वाकडी आहे, पण उभी आहे," म्हणाला आणि गेला.

१५ मेशीर

मातीचा थर मधोमध तडकला आहे.

१७ मेशीर

खजुराची चार खोडं आणून भिंतीला तिरकी टेकवली. गावातल्या चौघांनी मदत केली, मजूर मुदत संपून कधीच गेले. कपोपी बघत होती. म्हणाली, "हिच्या अंगावर नका टेकवू." मी म्हणालो, फुगवटा तिथेच आहे. मग तिने घरून गोधडी आणली, घडी केली आणि खोडाच्या टोकाखाली, दमियानाच्या कमरेपाशी घातली. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. चित्राची एवढी काळजी चित्रकारानेही केली नव्हती.

२० मेशीर

आज चेहऱ्याचा दिवस. पहाटेपासून रंग कालवून ठेवले. कपोपीने अंगण सारवलं. गावातली सगळी माणसं धुतलेले कपडे घालून घाटावर उभी राहिली, सगळी म्हणजे एकोणतीस.

दुपारी होडी आली. त्यात अदामा एकटा. उतरलाच नाही. होडीतूनच म्हणाला, "सुभेदार बायकामुलांना घेऊन दक्षिणेला गेले. मीही चाललो. ज्यांना यायचं त्यांनी बसा, सात जणांची जागा आहे."

"आणि चित्र?"

पहिल्यांदाच त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तूच घाल कोणाचा तरी चेहरा," म्हणाला.

सात जण बसले. मी रंग नदीत ओतले.

२२ मेशीर

दोन खोडं वाकली. तिसरं फरशीवरून घसरलं. पश्चिमेच्या कोपऱ्यात छपराचा हात-दीड हाताचा तुकडा पडला. आबाच्या बापाची कमान उभी आहे. चीर आता दमियानाच्या खांद्याला लागली आहे, तिच्यात बोट जातं.

मी आबाच्या दारात गेलो. माफी मागायची होती, पण बसल्या बसल्या रडूच आलं. आबाने पाणी दिलं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"जोराचा वारा आला तर तीन. नाही आला तर दहा."

"बाहेरची वाळू काढली तर? मी काढतो. मला कबरीचं पाप लागू दे."

"आता नाही रे जमायचं. एवढी वाळू वीस जणांना महिना पुरली असती. आणि भिंत आता नुसती वाळूने नाही, स्वतःच्या वजनाने येतेय." मग म्हणाला, "एकच आहे. जी काढलीस ती परत आत भर. नुसती कमरेइतकी नाही. वरपर्यंत. छपरापर्यंत. मग ना भिंत पडेल, ना रंग जाईल. कोणाला काही दिसणार मात्र नाही."

"म्हणजे पुरायचं."

"तू त्याला काय म्हणायचं ते म्हण."

२४ मेशीर

ठरवलं की चेहरा फळीवर उतरवून घेऊ. बरोबर ठेवता येईल. दिवसभर दमियानासमोर बसलो. तीन वेळा काढला, तीन वेळा पुसला. नाक तेच, भुवया त्याच, पण बाई कोणी भलतीच येते. मग कळलं. मी मरीको काढत नव्हतो, माझंच चित्र बघून चित्र काढत होतो. मरीको आता मला आठवत नाही. डोळे मिटले तरी भिंतच दिसते. भिंतीवरची एकदाच जमली, कारण तेव्हा दुःख आणि लाज दोन्ही ताजी होती. फळी चुलीत घातली.

कपोपीने विचारलं, "काय काढत होता?"

"काही नाही. दमियाना."

"जमली नाही?"

"नाही."

"एकदा जमली ती पुरे झाली," ती म्हणाली आणि जाळ पुढे सारला.

२६ मेशीर

वारा वाढला आहे. खोडं करकरतात.

मी तिच्यासमोर बसून राहतो. भरली नाही तर आणखी पाच-सहा दिवस बघता येईल. मग विटा आणि गिलाव्याचा चुरा. भरली तर ती राहील, पण बघायला कोणी नाही. मी नाही, कपोपी नाही, कोणीही नाही. अकरापैकी सात चुली उरल्या आहेत आणि त्याही दक्षिणेकडे तोंड करून बसल्या आहेत. ही वाळू पुन्हा कोण उपसणार? न दिसणारं चित्र आणि नसलेलं चित्र यांत फरक काय, हे कोणाला विचारावं तेही कळत नाही. बिशप असते तर उत्तर दिलं असतं आणि ते मला पटलं नसतं. प्रार्थना करून पाहिली. मिखाएल अजून त्या पांढऱ्या गोलाकडेच बघतो आहे.

माझ्या हाताने झालं, हे खरं. तिचे पाय बघायला मी तिच्या पोटाचा टेकू काढला. पहिल्या वेळी पंखापायी तिला मुकलो, या वेळी पायांपायी. दोन्ही वेळा मला वाटलं मी चांगलं काम करतो आहे.

२८ मेशीर

भरायचं ठरलं. गावाला सांगितलं. का, ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांचे आईबाप त्या भिंतीपलीकडे आहेत.

१ परेमहात

तीच वाळू, त्याच टोपल्या, उलटा रस्ता. मजूर नाहीत, आम्ही सोळा जण, त्यांत चार म्हाताऱ्या. आबा दारात बसून सांगतो कुठे ओतायचं. आधी उत्तरेची भिंत, थोडी थोडी, सगळीकडे सारखी. "एका जागी ढीग करणार असाल तर त्यापेक्षा मीच भिंत ढकलून पाडतो," म्हणतो. संध्याकाळपर्यंत फरशी गेली.

३ परेमहात

खोडं काढली नाहीत, वाळूतच राहू दिली. गोधडीही. सुभेदारांचे जोडे आणि झगा गेला. दमियाना कमरेपर्यंत. ओळंबा लावून आबा म्हणाला, भिंत थांबली आहे. सगळ्यांना आनंद झाला. मीही मान डोलावली.

४ परेमहात

छातीपर्यंत. आता वाळूवर चढून ओतावं लागतं, त्यामुळे तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर येतो. रंगवताना परांचीवर उभा होतो तेव्हाही इतक्या जवळून पाहिला नव्हता. उजव्या भुवईत एक केस जास्त ओढला गेला आहे. तसाच राहणार.

५ परेमहात

सकाळी बाकीचे वेदीच्या बाजूला होते. इकडे मी आणि कपोपी दोघंच. वाळू हनुवटीला लागली होती. मी मुद्दाम बाजूला ओतत होतो, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग खांबापाशी, जिथे आज गरज नव्हती तिथेही. शेवटी बाजूला जागाच उरली नाही. डोळे मिटावे आणि ओतून मोकळं व्हावं म्हणून टोपली खांद्यावर घेतली, वर उचलली.

कपोपीने टोपलीचा काठ धरला. म्हणाली, "अहो, हळू. डोळ्यांत जाईल तिच्या."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने पदराचं टोक ओलं केलं, भिंतीवरच्या पापण्यांवर ठेवलं आणि तळहाताने धरून राहिली, तापात धरावं तसं. नऊ वर्षं मला वाटत होतं की ही चोरी माझी एकट्याची आहे.

"टाका आता," ती म्हणाली. "ओंजळीने टाका."

मी टोपली खाली ठेवली आणि ओंजळीने टाकू लागलो.